जे मॉडेलचं हँडल

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात जर्मनांनी आपल्या एका रणगाड्यातून एक मोटर काढून टाकली. त्या मोटरीवरून सांगलीत माझं आणि माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचं कित्येक वर्षं भांडण चालू आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या बायकोकडे बघतो. बायको म्हणते, "मला काही विचारू नका."

तर आधी हे खेळ काय असतात ते सांगतो. एक मोठं टेबल. त्यावर भुशाची आणि थर्माकोलची टेकाडं, काड्यांची झाडं, निळ्या रंगाचा ओढा. दोन बाजूंना अंगठ्याएवढे रणगाडे. कोण किती सरकणार, कोणाची तोफ कुठपर्यंत लागणार, हे नियमांच्या पुस्तकात असतं. लागली की नाही ते फासे सांगतात. जगभर लोक हे खेळतात. आम्ही सांगलीत खेळतो, आणि आमचं टेबल माझ्या मित्राच्या हळदीच्या गोडाऊनच्या माडीवर आहे. तो हळदीचा व्यापारी. वडिलांपासूनची पेढी, सकाळी जैन देरासरात दर्शन, मग मार्केट यार्ड, आणि संध्याकाळी रणगाडे. माडीवर हळदीचा इतका धुरळा असतो की आमची सगळी सेना बारा महिने पिवळी दिसते. शेवटच्या काळातले जर्मन रणगाडे खरोखरच पिवळट रंगाचे असायचे, त्यामुळे पुण्याचे खेळणारे येतात तेव्हा रंगकामाचं कौतुक करून जातात. आम्ही धन्यवाद म्हणतो.

माझं स्वतःचं कुपवाडला मशिनशॉप आहे. साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग करतो. मूळचा मी कोरेगावकडचा. माझे मामा फौजेत रणगाड्यांवर होते, आणि सुट्टीवर आले की आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो. हे वेड तिथून लागलं असं मी समजत होतो. मामांना मात्र हे मान्य नाही. ते म्हणतात, "मी काय तुला बावल्या खेळायला शिकिवलं न्हाई."

आता त्या मोटरीबद्दल. रणगाड्याच्या डोक्यावर जो फिरता भाग असतो, ज्यात तोफ बसवलेली असते, त्याला टरेट म्हणतात. जर्मनांचा एक मधल्या वजनाचा रणगाडा होता, युद्ध सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कारखान्यातून निघत राहिलेला. त्याची मॉडेलं इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. शेवटचं मॉडेल जे. हे मॉडेल आलं तोपर्यंत जर्मनांकडे पोलाद कमी, तेल कमी, वेळ त्याहून कमी. म्हणून त्यांनी काढता येईल ते काढायला सुरुवात केली. बाजूच्या काही झडपा गेल्या. पट्ट्याला आधार देणारं एक चाक गेलं. बाजूला लावायचे पत्रे गेले आणि तिथे तारेची जाळी आली. आणि टरेट फिरवणारी मोटर गेली. तिच्या जागी डिझेल नव्हे, पेट्रोलचीच एक जादा टाकी बसवली, म्हणजे गाडी जास्त लांब जाईल. टरेट फिरवायला राहिलं एक हँडल. गोलंदाजाने बसल्या जागी ते हाताने फिरवायचं.

माझ्या मित्राचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "अरे मर्दा, कंपनी नवीन मॉडेल काढते ते जुन्यापेक्षा वाईट काढेल होय? जे शेवटचं म्हणजे जे सगळ्यात भारी."

मी त्याला सांगून सांगून थकलो की ती कंपनी ग्राहकाला खूश करायला बसलेली नव्हती. वरून बाँब पडत होते. हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर कारखान्याचा माणूस माझ्याकडे येतो, टेबलावर एखादा भाग ठेवतो आणि विचारतो, "ह्यातलं काय काय काढता येईल?" मग आम्ही एका बाजूचं मशिनिंग काढतो, रंग काढतो, चार बोल्टांच्या जागी तीनवर भागवतो. भाग हंगामभर चालतो. चालतो म्हणजे तो आधीच्यापेक्षा चांगला झाला असं नव्हे. तो वाईट झाला असंही मला कोणी म्हटलेलं आवडत नाही, कारण तो वेळेत पोचला आणि कारखाना उभा राहिला नाही. एवढी साधी गोष्ट खेळात दाखवावी, इतकंच माझं मागणं होतं.

आणि खेळ ते दाखवत नाहीत. आम्ही जितके नियमांचे संच आणले त्यांतल्या निम्म्यांत जे मॉडेल आधीच्या एच मॉडेलसारखंच आहे. चिलखत तेच, तोफ तीच, आकडा तोच, विषय संपला. उरलेल्यांत "मंद टरेट" असा शिक्का मारून तो इतका लंगडा केलेला असतो की कोणी हातात घेत नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळांत तर मुलं आरडाओरडा करतात, टरेट फिरत नाही म्हणून, आणि दुसरी गाडी घेतात. खरी गंमत अशी की त्या बदलांनी जे गेलं ते सगळं टेबलावर दिसतं आणि जे मिळालं ते टेबलावर येतच नाही. जादा टाकीने गाडी लांब जाते. आमचं टेबल दोन हात रुंद. गाडी कारखान्यातून लवकर बाहेर पडते. आमच्या खेळात दोन्ही बाजू गाड्या डब्यातून काढतात. मी हे मित्राला समजावलं. त्याने ऐकून घेतलं, हळदीच्या हाताने जे मॉडेल उचललं आणि म्हणाला, "म्हणजे जास्त लांब जाते. बघ. भारीच की."

आमच्यात तिसऱ्या एक मॅडम आहेत. साताऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात आणि पंचाचं काम करतात, कारण आम्ही दोघं एकमेकांच्या फाशांवरही विश्वास ठेवत नाही. मॅडमना रणगाड्यांचं कौतुक अजिबात नाही. त्यांना फक्त नियम सरळ लागावेत असं वाटतं. त्यांनी एकदा कंटाळून सांगितलं, "तुम्ही दोघं हे एकदा काय ते ठरवा. साताऱ्याच्या मेळाव्यात तुमचा खेळ नमुना म्हणून लावायचा आहे. तिथे लोकांसमोर हे भांडण नको."

साताऱ्याला दरसाल हौशी खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो. मी म्हटलं, ठीक आहे, ठरवू. करून बघू.

माझ्या शॉपच्या मागे भंगारात निघालेल्या एका क्रेनची फिरती रिंग पडून होती. तिला चौकटीवर आडवी बसवली. वर एक लांब बीम टाकला, एका टोकाला जास्त वजन, दुसऱ्याला कमी, कारण तोफेमुळे टरेटचा तोल पुढे असतो असं आम्ही धरून चाललो. रिंगच्या दातांत एक छोटं चाक अडकवलं आणि त्याला हँडल. वजन खऱ्या टरेटच्या जवळपासही नव्हतं, पण दात आणि वजनाचं प्रमाण मी जुळवत आणलं होतं. हे करायला माझी बरीच सुट्टी गेली. फक्त एक राहिलं होतं: हँडल उलटं फिरू नये म्हणून अडकण. मी म्हटलं, उद्या बसवतो. मित्र म्हणाला, "कशाला? साधं ठेव. त्यांनी ठेवलं तसं ठेव."

"त्यांनी काय ठेवलं होतं ते तुला माहीत आहे का?"

"माहीत नाही म्हणून तर करून बघतोय ना."

त्याच सुमारास मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला आले आणि मग माझ्याकडे राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, ताठ पाठ, आणि डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. मामा दुसऱ्या दिवशीच म्हणाले, "घरात बसून माजं डोकं उठलं. तुज्या कारखान्यात घिऊन चल."

मला बरंच वाटलं. इतकी वर्षं रणगाड्यात काढलेला माणूस घरात आहे, त्यालाच विचारावं. गाडीत मी विचारलं, "मामा, तुमच्या टँकमध्ये हाताने टरेट फिरवायचं हँडल होतं?"

"हुतं की. मोटर बंद पडली तर आसावं म्हनून."

"कधी फिरवलंत?"

"फिरिवलं. राजस्तानात येकदा."

"पूर्ण फेरी मारायला किती वेळ लागला?"

"त्ये काय आठवत न्हाई."

"अंदाजे?"

"आरं आठवत न्हाई म्हनलं की."

मित्र शॉपवर आधीच पोचला होता. मामांसाठी बेदाण्याचा पुडा घेऊन आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, पुडा हातात दिला आणि म्हणाला, "मामा, हा म्हणतो जर्मन टँक बिघडवला त्यांनी. तुम्हीच सांगा."

मामांनी बेदाणे तोंडात टाकले. "जर्मन म्हंजी आपली जर्मनची भांडी आसत्यात तसलं काय? चेमटत्यात ती लगीच."

"नाही हो मामा, ते ॲल्युमिनियम. हा पोलादी."

"मग चांगलाच आसंल की त्यो टँक."

मित्राने माझ्याकडे असं बघितलं की जणू लष्कराचा निकाल लागला. एका पुड्याने साक्ष फिरली होती.

मामांना खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळात ते आपण होऊन हुकूम द्यायला लागले. मी त्यांना हँडलला हात लावू दिला नाही, म्हणून ते नाराज होते आणि आवाज चढवून त्याची भरपाई करत होते. मित्राने बाह्या सावरल्या आणि हँडल धरलं.

"डावीकडं," मामा म्हणाले. "आजून. आजून रं. थांब. आता उजवीकडं."

चौकट सपाट जमिनीवर होती, आणि खरं सांगायचं तर बीम छान फिरत होता. हळू, पण न अडखळता. मित्र घामाघूम झाला तरी तोंडभर हसत होता. "बघ. काय अडलं? माणसाला हात दिलेत देवाने. मोटर कशाला?"

मी म्हटलं, "लढाई सिमेंटच्या फरशीवर होत नाही." आणि चौकटीच्या एका बाजूला जॅक लावला. फार नाही, आपल्याकडे माळावर गाडी उभी केली की जेवढी कलते तेवढीच कलवली. जड टोक खाली लोंबलं. मी अडकणीचं पुन्हा काढलं. "आज राहू दे, उद्या अडकण लावतो, मग वर चढव."

"मामा आज आलेत. उद्या असतील होय? मामा, सांगा हुकूम."

"वर घे," मामा म्हणाले.

सुरुवातीला ते चढलं. मग प्रत्येक दातागणिक हँडल जड होत गेलं. मित्राने दोन्ही हात लावले, मग अंग लावलं. मान लाल झाली. बीम आडवा यायला थोडंच राहिलं असताना त्याने हात बदलायला एक हात सोडला. तळवा घामाने निसरडा झाला असावा. जड टोक खाली आलं, हँडल गरकन उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. आवाज मला अजून आठवतो, सुकी काटकी मोडल्यासारखा. तो खाली बसला आणि मनगटाकडे बघत म्हणाला, "थांब जरा. थांब जरा." कोणाला थांबायला सांगत होता कोण जाणे.

मी त्याला गाडीत घातला. मामा मागे बसले, बेदाण्याचा पुडा घेऊन. मिरजेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, एकही बाजूला होईना. मित्र डोळे मिटून होता. अशा वेळी मागून मामा म्हणाले, "आमच्या बी येकाचं आसंच झालं हुतं."

"काय झालं होतं?"

"राजस्तानात. हँडल उलटं आलं. त्येच्या दाताची कवळी व्हायची येळ आली. समोरचं दोन गेलं."

मी गाडी चालवत होतो म्हणून मागे वळलो नाही. "मामा, हे आधी सांगायचं ना."

"इचारलंत कवा तुमी? येळ किती लागला त्ये इचारलंत. त्ये मला आठवत न्हाई."

मित्र डोळे मिटलेलेच ठेवून हसला, आणि हसल्यामुळे हात हलला म्हणून कण्हला. मला मात्र हसू आलं नाही. त्या क्षणी मला दोघांचाही, जर्मनांचाही आणि त्या ट्रॉल्यांचाही सारखाच राग आला होता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर कोपराच्या वर गेलं. हळदीच्या सौद्यांचे दिवस तोंडावर होते, आणि ह्याचा उजवा हात गळ्यात. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, दुसऱ्या कुणाचे नवरे दारू पितात, पत्ते खेळतात. माझा नवरा पोलादाचं हँडल फिरवताना हात मोडून बसला. लोकांना काय सांगू?" आतून मित्राचा आवाज आला, "सांग, सपाटीवर फिरतं."

वर मॅडमचा फोन. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी प्रकृतीबद्दल बोलल्या, मग जरा चाचरत म्हणाल्या, "मी काल वाचत होते. त्या जे मॉडेलच्या हँडलला दोन गिअर होते म्हणे. उतारासाठी वेगळा, हलका. मोटर काढली म्हणून मुद्दाम बसवलेला."

"म्हणजे आपली चाचणीच चुकली."

"अर्धी चुकली म्हणू या."

मी फोन ठेवला आणि शॉपच्या पायरीवर बसलो. मोटर काढली, झडपा काढल्या, चाक काढलं, आणि एवढ्या सगळ्या काढाकाढीत कोणीतरी बसून उताराचा विचार केला आणि एक गिअर वाढवला. ते करणारा माणूस कोण असेल, त्याला कोणी किती वेळ दिला असेल, हे मला कळण्यासारखं नव्हतं. पण अशी जोडणी मी स्वतः कितीतरी वेळा केली आहे. सगळं काढून झाल्यावर एक काहीतरी परत घालावं लागतं, नाहीतर हंगामाच्या मध्यात फोन येतो. आमच्या एकाही नियमपुस्तकात ह्या गिअरची ओळ नव्हती, ह्याची मला फार चीड आली.

मग मी दुसरा गिअर बसवला. अडकणही बसवली. मित्र गळ्यात हात अडकवून बघायला आला. वहिनींनी त्याला चौकटीपासून लांब उभं राहायची ताकीद दिली होती, म्हणून मी एकट्याने फिरवलं आणि तो दारातून बघत होता. चढावर बीम चढला. इतका हळू की मध्ये मी दोनदा थांबून कपाळ पुसलं, पण अडकणीमुळे तो आहे तिथे राहिला आणि शेवटी वर आला.

"फिरतंय," दारातून आवाज आला.

"शत्रू तेवढ्यात जेवून हात धुऊन येईल."

"पण फिरतंय."

ह्या माणसाशी पस्तीस वर्षं मैत्री आहे. मी हँडल सोडलं आणि जॅक खाली घेतला.

मॅडमनी त्यावरून नियम लिहिला, आणि तो दोघांनाही आवडला नाही, म्हणजे बरोबर असावा. जे मॉडेलला समोरच्या बाजूचा शत्रू दिसला तर नेहमीसारखी तोफ डागता येईल. शत्रू बाजूला असेल तर सपाटीवर एक डाव थांबावं लागेल, उतारावर दोन. किंवा टरेट न फिरवता सगळी गाडीच वळवायची. मग थांबायला नको, पण कुंपणाआड लपल्याचा फायदा गेला.

साताऱ्याचा मेळावा एका मंगल कार्यालयात होता. लग्नांचे मुहूर्त नव्हते, म्हणून हॉल मिळाला. स्टेजवर वधूवरांच्या मखमली खुर्च्या एका बाजूला सारून आमचं टेबल लावलं होतं. मित्राकडे जर्मन, माझ्याकडे रशियन. मला टेबल ओलांडून पूल गाठायचा होता, त्याला मला अडवायचं होतं. प्लास्टर अजून निघालं नव्हतं. डाव्या हाताने त्याने पहिलाच रणगाडा हलवला तो झाडांची ओळ आडवी करून. दुसऱ्याने पूल पडला.

मॅडम म्हणाल्या, "असं चालणार नाही. तुम्ही ह्यांच्या गाड्या हलवा."

"मी? मी समोरचा आहे."

"दुसरं कोण आहे ज्यांना हा नियम पाठ आहे?"

म्हणून पूर्ण खेळभर मी माझ्याही गाड्या हलवल्या आणि त्याच्याही. तो खुर्चीत बसून हुकूम सोडत होता, आणि ते हुकूम कुठून शिकला ते मला लगेच कळलं. "तो कोपऱ्यातला. हा नव्हे, पलीकडचा. त्याची शेपटी ओढ्याकडं कर. अजून. अजून. थांब." मी माझ्याच हातांनी त्याचे सगळे जे रणगाडे पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोंड करून, कुंपणांच्या फटींत बसवले. बसवतानाच माझ्या लक्षात आलं की मला त्या रस्त्यानेच यावं लागणार आहे आणि त्याला टरेट फिरवायची गरजच पडणार नाही. लक्षात येऊन उपयोग नव्हता. मी माझ्याच गळ्याला नीट मापाने दोरी लावत होतो आणि तो "थोडं डावीकडं" म्हणत होता.

आजूबाजूला गर्दी जमली. रुबाबदार टी-शर्ट घातलेला एक तरुण बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "जर्मन म्हणजे जर्मन हो. शेवटपर्यंत काय गाड्या काढल्या. त्यांची शिस्तच वेगळी."

मित्र खूश झाला. मॅडमनी मात्र फासे खाली ठेवले. त्या सहसा खेळात मध्ये बोलत नाहीत. त्यांनी त्या तरुणाला विचारलं, "ह्या गाड्या शेवटच्या वर्षी कोणी जोडल्या माहीत आहे?"

"कामगारांनी."

"त्यांचे स्वतःचे कामगार आघाडीवर गेले होते. कारखान्यांत दुसऱ्या देशांतून धरून आणलेली माणसं होती. कैदी होते. उपाशी. पगार नाही, पळता येत नाही. गाडी सोपी करण्यामागे हेही एक कारण धरा, की ज्याला काम येत नाही आणि करायची इच्छा नाही त्याच्याकडूनही ती जोडून घेता यावी." मग त्या आमच्याकडे वळल्या. "तुमच्या नियमांत चिलखताचा आकडा आहे, तोफेचा आहे. ह्याचा कुठे आहे?"

तो तरुण थोड्या वेळाने दुसऱ्या टेबलाकडे गेला. माझ्या हातात मित्राचा एक रणगाडा होता, पिवळा, बाजूला तारेची जाळी, जी मी चहाच्या गाळणीतून कापून लावली होती. मी इतकी वर्षं तो सोपा कसा केला ह्याच्या मागे होतो. कोणाच्या हातांसाठी सोपा केला हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला मॅडमचा थोडा रागही आला, कारण आता तो टेबलावर ठेवताना पूर्वीसारखं वाटेना. पण डाव चालू होता. मित्र म्हणाला, "ठेव तो," आणि तोही जरा हळूच म्हणाला.

मी ठेवला.

रस्त्याने माझ्या गाड्या एकेक करून गेल्या. शेवटी मी उरलेल्या डावीकडच्या टेकाडावरून घातल्या. आता त्याला वळावंच लागणार होतं. त्याने विचार केला आणि टरेटला हात न लावता दोन गाड्या आख्ख्याच वळवायला लावल्या. कुंपणाचा आडोसा गेला. एक गाडी उतारावर कुंपण आणि ओढ्याच्या मध्ये अडकून उभी होती, म्हणून ती त्याला वळवता आली नाही, तिच्या टरेटचे दोन डाव मोजत असतानाच मी ती उडवली. तो हळहळला. पण तेवढ्यात वळवलेल्या त्या दोन गाड्यांनी माझं काम संपवलं. माझी शेवटची गाडी पुलापासून बोटभर अंतरावर राहिली.

"शेवटचं मॉडेल," तो म्हणाला.

"तू जिंकलास कारण तू टरेट फिरवलंच नाहीस. अशी लढाई तोफ चौकटीत पक्की बसवलेली गाडीही लढली असती."

"मग मोटर कशाला हवी होती?"

मॅडम फासे डब्यात भरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण खांदे हलत होते. मी उत्तर शोधलं. माझ्याकडे ते होतं, चांगलं लांबलचक होतं, त्यात चढ होता, गिअर होता, खुल्या मैदानातली लढाई होती. सुरू केलं आणि दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं की तो ऐकत नाहीये, प्लास्टरच्या आत बोट घालायचा प्रयत्न करतोय.

परत येताना महामार्गावर कऱ्हाडच्या अलीकडे तो म्हणाला, "गाडी बाजूला घे. आत खाज सुटलीय, मरतो आता." मी गाडी बाजूला घेतली. मागच्या खोक्यातून रंगाचा सगळ्यात लांब ब्रश काढून दिला. त्याने तो उलटा करून प्लास्टरमध्ये घातला आणि डोळे मिटले.

"वर कर," मी म्हटलं. "तिथे पोचत नाहीये. मनगटाच्या बाजूने घाल."

"तू घाल."

मग मी घातला. बाजूने ट्रक जात होते. तो म्हणाला, मामांना पुढच्या वेळी बेदाण्याबरोबर काजूही नेऊ, म्हातारा माणूस चांगला आहे. मी म्हटलं, त्यांना काहीही नेऊ नकोस, आणि हात हलवू नकोस.